छायाचित्र कोठून काढले?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण आम्हांस दिलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. ऋण हा शब्द आम्ही केवळ रीत म्हणून वापरीत नाही. बी. एड.च्या वर्षी लागणारी बहुतेक पुस्तके आम्हांस याच ट्रस्टच्या पुस्तकपेढीतून मिळाली होती. त्यांपैकी एक पुस्तक परत करावयाचे राहून गेले, ते इतकी वर्षे आमच्या कपाटात होते. आज ते आम्ही बरोबर आणले आहे. सभा संपल्यावर चिटणीसांच्या हाती देऊ. दंड किती झाला असेल याचा हिशोब मात्र त्यांनी करू नये, एवढी विनंती.

आजचा आमचा विषय आहे निसर्गाच्या भव्य दृश्यांची छायाचित्रे. डोंगर, कडे, धबधबे आणि हिमनद्या यांची जमिनीवरून आणि आकाशातून घेतलेली छायाचित्रे. चिटणीसांना विषय कळविला तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही भूगोल शिकविता, फोटोग्राफीत केव्हा शिरलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, आम्ही फोटोग्राफीत शिरलो नाही. फोटोग्राफीच्या घरात जन्मलो. आमचे वडील, ज्यांना आम्ही अब्बा म्हणत असू, ते या बेळगाव शहरातील एका स्टुडिओत तीस वर्षे डार्करूममध्ये काम करीत होते. ईद आणि दिवाळी जवळ आली की स्टुडिओत गर्दी होई, आणि अब्बा रात्री उशिरा घरी येत. त्यांच्या बोटांना हायपोचा वास असे. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो. पण अंधारात हात कसा चालवावा आणि उजेडात डोळा कसा चालवावा, ही तिसरी भाषा आम्ही अब्बांकडून शिकलो.

अब्बांचा एक नियम होता. छायाचित्र सुकले की त्याच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने तीन गोष्टी लिहावयाच्या : तारीख, ठिकाण, आणि कोणत्या बाजूस तोंड करून काढले ती दिशा. ते म्हणत, "हे लिहिले नाही तर फोटो म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. आत कितीही चांगले पत्र असो, पोस्टमनने ते कोणाच्या दारात टाकावे?" लहानपणी आम्हांस हा म्हातारपणाचा हट्ट वाटे. आज आम्ही जे सांगणार आहोत, ते त्या एका नियमाचेच स्पष्टीकरण आहे.

प्रथम घरचे उदाहरण घेऊ. काही वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही नववीच्या मुलांना गोकाकच्या धबधब्याला नेले होते. घटप्रभा नदी तेथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते. पावसाळ्यात पाणी तांबूस असते आणि आवाज इतका की, शेजारच्या मुलाशी ओरडून बोलावे लागते. झुलत्या पुलाच्या बाजूने आम्ही पुष्कळ छायाचित्रे काढली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दाखविली. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, काल तर धबधबा केवढा मोठा होता! हा एवढा लहान कसा आला?" वर्ग हसला, पण आम्हांस हसू आले नाही, कारण मुलाचे म्हणणे खरे होते. आम्ही पाणी, खडक आणि आकाश एवढेच घेतले होते. त्यात ना माणूस होता, ना झाड, ना पुलाचा खांब. डोळ्याला मोजण्यास काही आधारच नव्हता. दगडाशेजारी दगड ठेवला तर तो डोंगरही असू शकतो आणि खडाही.

पुढे आमचा एक माजी विद्यार्थी आमच्याकडे आला. तो लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो आणि त्याच्यापाशी ड्रोन आहे. त्याने रीतसर परवानगी काढून त्याच धबधब्याचे वरून घेतलेले एक छायाचित्र आम्हांस दाखविले. त्यात कड्याचा घोड्याच्या नालासारखा आकार असा स्वच्छ दिसत होता की, वीस वर्षे फळ्यावर काढूनही आम्हांस तो इतका नीट काढता आला नव्हता. पण उंची? ती पार नाहीशी झाली होती. १७० फुटांचा प्रपात परातीत सांडलेल्या चहासारखा दिसत होता.

मंडळी, या दोन छायाचित्रांत आमचा सारा विषय आला. वरून पाहिले की आकार कळतो, पण उंची हरवते. खालून पाहिले की उंची कळते, पण आकार हरवतो. दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपण सारेच वापरतो. तिच्यात आम्ही एवढीच भर घालू की, जवळून डोंगर अर्धे. दोन्ही पाहिले, आणि कोठून पाहिले हे लिहून ठेवले, तरच छायाचित्र साक्ष देण्याच्या कामी येते.

आता थोडा इतिहास. हिमालयाची छायाचित्रे काढणारे सॅम्युअल बोर्न हे इंग्रज गृहस्थ १८६३ साली भारतात आले. त्या काळी फिल्म नव्हती. काचेच्या तावदानावर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतावयाचे, ते चांदीच्या क्षारात बुडवावयाचे, ओले असतानाच कॅमेऱ्यात घालावयाचे, आणि वाळण्यापूर्वी लगेच धुवावयाचे. म्हणजे प्रत्येक ठिकाणी काळ्या कापडाचा तंबू उभारून त्यात डार्करूम करावी लागे. बर्फात पाणी गोठे, वाऱ्याने तंबू उडे. काचा, रसायनांच्या बाटल्या, कॅमेरा, तंबू, धान्य, हे सारे पाठीवर वाहून नेण्यास डझनावारी हमाल लागत. अशा स्थितीत १८६६ साली बोर्न यांनी मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, छायाचित्रे घेतली. त्यानंतर कित्येक वर्षे एवढ्या उंचीवर कोणी छायाचित्र घेतले नव्हते. त्याच सफरीत त्यांनी गंगोत्रीच्या हिमनदीचेही चित्र घेतले.

त्या छायाचित्रांखाली बोर्न यांचे नाव असते, आणि ते असलेच पाहिजे. पण ज्यांच्या पाठीवरून त्या काचा वर गेल्या त्यांची नावे नसतात. डार्करूममध्ये तीस वर्षे राबलेल्या माणसाच्या मुलाला ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. स्टुडिओच्या शिक्क्यात अब्बांचे नाव कधी नव्हते. याबद्दल आमची तक्रार नाही. नोंद तेवढी आहे.

आकाशातून छायाचित्र घेण्याची हौसही जवळजवळ तितकीच जुनी. पॅरिसचे प्रसिद्ध छायाचित्रकार नादार यांनी १८५८ साली बलूनमधून छायाचित्र घेतले. पहिले काही प्रयत्न फसले, कारण बलूनच्या तोंडातून सुटणारा वायू त्यांच्या ओल्या काचा बिघडवीत असे. त्यांची ती सुरुवातीची चित्रे आज उरलेली नाहीत. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने आकाशचित्र अमेरिकेतील बोस्टन शहराचे आहे. ते जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी १८६० साली बलूनमधूनच घेतले.

पुढे विमाने आली, आणि अडचणीही नव्या आल्या. त्या समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली अडचण इंजिनाच्या थरथरीची. कॅमेरा विमानाच्या अंगाला टेकविला की चित्र पुसट येते, म्हणून तो हातांवर तोलून धरावा लागतो, नाही तर रबराच्या किंवा स्प्रिंगच्या आधारावर बसवावा लागतो. दुसरी अडचण धुरकट हवेची. हवेतील कण निळा प्रकाश अधिक पसरवितात, त्यामुळे दूरचे डोंगर फिके दिसतात. कृष्णधवल फिल्मच्या काळी छायाचित्रकार भिंगापुढे पिवळी किंवा लाल काच धरीत. तिने निळा प्रकाश अडतो आणि डोंगर उठून दिसतात. तिसरी गोष्ट सावलीची. भर दुपारी वरून घेतलेल्या चित्रात दरी आणि टेकडी सारख्याच सपाट दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य कलता असला की प्रत्येक कडा आपली सावली टाकतो, आणि ती सावलीच उंची सांगते.

आकाशचित्राचे प्रकार दोन. एक तिरपे, म्हणजे आपण गच्चीवरून रस्ता पाहतो तसे. दुसरे सरळ खाली रोखलेले, म्हणजे विहिरीत डोकावावे तसे. तिरपे चित्र डोळ्याला गोड लागते, सरळ चित्र नकाशाच्या कामी येते. नकाशासाठी विमान सरळ रेषेत जात असताना एकामागून एक अशी चित्रे घेतात की, प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा यावा. अशी दोन चित्रे शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून पाहिली की डोंगर कागदातून वर उभे राहतात. आपले दोन डोळे दोन ठिकाणांहून पाहतात म्हणून आपल्याला खोली कळते; त्यातलाच हा प्रकार. येथेही मर्म तेच : एका जागेवरून पाहणारा अर्धेच पाहतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण एव्हरेस्टचे. १९२१ साली पहिली ब्रिटिश शोधमोहीम तिबेटच्या बाजूने गेली. जॉर्ज मॅलरी हे तीत होते. ते पेशाने मास्तर होते, हे आम्ही जरा अभिमानाने सांगतो. त्यांनी कष्टाने पुष्कळ छायाचित्रे घेतली आणि नंतर असे निघाले की, काचा कॅमेऱ्यात उलट्या बसविल्या होत्या! एकही चित्र उमटले नव्हते. बिचाऱ्यांना पुन्हा चढून जाऊन ती चित्रे घ्यावी लागली. वर्गात ज्यांच्याकडून वही उलट्या बाजूने लिहिली जाते त्या मुलांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याच मोहिमेत सर्व्हे ऑफ इंडियाचे ऑलिव्हर व्हीलर होते. ते उंच जागी कॅमेरा मांडीत, चोहोबाजूंची चित्रे घेत, आणि त्यांवरून नकाशा करीत. पूर्व रोंगबुक हिमनदीचे पाणी एका अरुंद फटीतून बाहेर पडते. ती फट गिर्यारोहकांनी फारशी मनावर घेतली नव्हती. व्हीलर यांच्या नकाशात ती हिमनदी स्पष्ट आली, आणि पुढच्या मोहिमा त्याच वाटेने वर गेल्या. व्हीलर हे पुढे भारताचे सर्व्हेअर जनरल झाले.

मग पाळी आकाशाची. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळच्या मैदानावरून दोन विमाने एव्हरेस्टकडे निघाली. लेडी ह्यूस्टन या धनिक बाईंनी खर्च दिला होता. क्लाइड्सडेल आणि मॅकिन्टायर हे वैमानिक, ब्लॅकर आणि बॉनेट हे छायाचित्रे घेणारे. वर थंडी इतकी की, कपडे आणि कॅमेरे विजेने गरम ठेवावे लागत. शिखराजवळ खाली जाणाऱ्या वाऱ्याच्या झोताने एका विमानाला सुमारे दीड-दोन हजार फूट खाली ओढले. बॉनेट यांची प्राणवायूची नळी फुटली. त्यांनी तीवर हातरुमाल गुंडाळला, आणि ते बेशुद्ध पडले; विमान खाली आल्यावर शुद्धीवर आले. इतके करूनही नकाशासाठी हवी असलेली चित्रे त्या दिवशी मिळाली नाहीत, कारण खालचे डोंगर धुळीच्या थराने झाकले होते. म्हणून १९ एप्रिलला पुन्हा उड्डाण करावे लागले.

येथवर तिबेटची बाजू होती. नेपाळची वाट खुली झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५० साली टिलमन आणि त्यांचे सोबती दक्षिणेकडून खुंबू हिमनदीपाशी गेले. तेथून त्यांनी वर पाहिले, पण नुप्त्से शिखराचा दांडा आडवा आला. त्यामागील बर्फाची दरी, जिला वेस्टर्न कूम म्हणतात, ती त्यांना दिसेना. या बाजूने आशा फार थोडी, असे मत घेऊन ते परतले. माणसे अनुभवी होती, डोळे तीक्ष्ण होते. उभे राहावयाची जागा तेवढी चुकली होती.

त्याच सुमारास लंडनमध्ये मायकेल वॉर्ड नावाचा एक तरुण डॉक्टर रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात जुनी छायाचित्रे चाळीत होता. त्याला १९३३ च्या उड्डाणाची चित्रे सापडली. त्याखेरीज १९४५ आणि १९४७ साली विमानांतून घेतलेली चित्रेही सापडली. त्यांत दक्षिणेची बाजू दिसत होती. त्या चित्रांच्या बळावर त्याने मोहिमेचा आग्रह धरला. ३० सप्टेंबर १९५१ रोजी एरिक शिप्टन आणि एडमंड हिलरी पुमोरी शिखराच्या उतारावर चढले, आणि मागे वळून पाहतात तो वेस्टर्न कूम, त्यापुढील ल्होत्सेचा उतार, आणि साउथ कोलची खिंड, सारी वाट डोळ्यांसमोर उलगडली. आकाशाने जे सुचविले होते ते जमिनीने खरे केले. पण गोष्ट तेथेच संपत नाही. त्याच मोहिमेत हिमप्रपात चढून गेल्यावर वाटेत एक अजस्र भेग आडवी आली आणि मंडळींना परतावे लागले. ती किती खोल आणि किती रुंद, हे कोणत्याही विमानातून कळणारे नव्हते. तिच्या काठावर पाय ठेवणाऱ्यालाच ते कळले. १९५२ साली स्विस मंडळी ती ओलांडून पुढे गेली, आणि २९ मे १९५३ रोजी तेन्झिंग नोर्गे व हिलरी शिखरावर उभे राहिले. त्या विजयात पायांचा वाटा सर्वांत मोठा. पण कपाटात धूळ खात पडलेल्या काही छायाचित्रांचाही वाटा आहे. आणि ती उपयोगी पडली, कारण ती कोठली, कोणत्या सालची, याची कोणीतरी नोंद ठेवली होती.

आता याच छायाचित्रांनी नंतर काय सांगितले ते ऐका. मॅलरी यांनी १९२१ साली जेथून मुख्य रोंगबुक हिमनदीचे चित्र घेतले होते, ती जागा शोधून डेव्हिड ब्रीशिअर्स या गिर्यारोहकाने २००७ साली तेथूनच पुन्हा चित्र घेतले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तेव्हा कळले की, हिमनदीचा पृष्ठभाग तीनशे फुटांहून अधिक खाली गेला आहे. डोंगर तेच, आकाश तेच. बर्फ मात्र नाही. एव्हरेस्टच्या दक्षिणेस इम्जा नावाची हिमनदी आहे. १९५६ साली फ्रिट्झ म्युलर यांनी तिचे चित्र घेतले तेव्हा तेथे बर्फच होते, लहानसहान डबकी सोडली तर पाणी नव्हते. २००७ साली आल्टन बायर्स यांनी त्याच जागेवरून चित्र घेतले, तेव्हा तेथे सुमारे एक किलोमीटर लांबीचे सरोवर होते. असे सरोवर फुटले तर खालची गावे वाहून जातात. म्हणून २०१६ साली नेपाळी सैन्याने तेथे चर खोदून सरोवराची पातळी ३.४ मीटर खाली आणली.

म्युलर यांच्या चित्रामागे स्थळ आणि साल नसते, तर ते आज भिंतीवर टांगण्याजोगे एक सुंदर चित्र राहिले असते. स्थळ आणि साल आहे म्हणून ती साक्ष झाली.

मंडळी, आता आम्ही हिमालयातून घटप्रभेच्या काठी परत येतो. एक घरगुती गोष्ट सांगावयाची आहे.

आमच्या आजीचे माहेर घटप्रभेकाठच्या एका लहान गावी होते. हिडकलचे धरण झाले तेव्हा ते गाव पाण्याखाली गेले. पाणी चढण्यापूर्वी अब्बा, तेव्हा ते तरुण होते, मालकांचा कॅमेरा मागून घेऊन गावी गेले होते आणि एक छायाचित्र काढून आले होते. पुढे नदी, अलीकडे ज्वारीचे रान, मागे दोन टेकड्या एकीमागे एक, आणि डाव्या हाताला आणखी एक टेकडी व तिच्यामागे डोकावणारे कड्याचे टोक. त्यात घर नाही, माणूस नाही. आजी ते छायाचित्र कुराणशरीफ ठेवलेल्या फळीखालच्या पेटीत जपून ठेवीत असे.

अब्बा वारले त्यानंतर आम्ही ते छायाचित्र हाती घेतले आणि उलटून पाहिले. पाठीमागे काहीही लिहिलेले नव्हते.

ज्या माणसाने तीस वर्षे लोकांच्या छायाचित्रांमागे तारखा लिहिल्या, त्याने स्वतःच्या गावच्या छायाचित्रामागे काही लिहिले नाही. कारण उघड आहे. आपल्याला याचा विसर पडेल, असे त्यांना वाटलेच नसणार. चाचा म्हणाले, हे गावच्या वरच्या अंगाचे. आत्या म्हणाल्या, नाही, हे पलीकडच्या तीराचे. आमचे रान तिकडे होते. कबरस्तान कोणत्या बाजूला येते यावरही बोलणे झाले, आणि विचारावयाचे कोणाला? सांगणारा गेला होता.

तेव्हा आम्ही आणि आमचे धाकटे बंधू यांनी मास्तरकी उपाय केला. आकाशातून घेतलेले त्या भागाचे चित्र हल्ली कोणाच्याही मोबाइलवर दिसते. त्यावर आम्ही छायाचित्रातील टेकड्या ओळखून काढल्या. ज्या दोन टेकड्यांचे शेंडे छायाचित्रात एकावर एक आले होते, त्या दोन शेंड्यांतून एक रेघ ओढून अलीकडे वाढविली. डावीकडची टेकडी आणि कड्याचे टोक यांतून दुसरी रेघ ओढली. छायाचित्र काढणारा पहिल्या रेघेवर उभा असला पाहिजे, आणि दुसऱ्या रेघेवरही. म्हणजे जेथे दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात, तेथे अब्बा उभे होते. ती जागा पाण्यात निघाली.

आम्ही पावसाळ्यानंतर धरणाच्या काठावर गेलो. जवळात जवळची कोरडी जागा गाठून छायाचित्र डोळ्यांसमोर धरले, तर टेकड्या जुळेनात. पुढची टेकडी मागचीला झाकून टाकी. त्या क्षणी आम्हांस टिलमन यांची आठवण झाली; जागा चुकली की डोंगरसुद्धा खोटी साक्ष देतात. मग आम्ही मे महिन्यापर्यंत वाट पाहिली. उन्हाळ्यात पाणी मागे हटले, तळाचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या. गावातील एका जाणत्या कोळी बांधवाला सोबत घेऊन, पाय कोठे टाकावा हे त्याला विचारीत, आम्ही दोघे भाऊ खाली उतरलो. हातात छायाचित्र धरून थोडे उजवीकडे, थोडे पुढे, असे करीत गेलो. आणि एका ठिकाणी दोन्ही शेंडे एकावर एक येऊन बसले. डाव्या टेकडीमागून कड्याचे टोक वर आले. बंधू म्हणाले, "भाईजान, हलू नका."

आम्ही हललो नाही. जेथे अब्बा उभे होते तेथे त्यांचे दोन मुलगे उभे होते. पुढे नदी नव्हती, रान नव्हते, पांढऱ्या गाळाचे मैदान होते. आत्यांचे म्हणणे खरे निघाले. ती जागा पलीकडच्या तीराची होती. आम्ही तेथून एक छायाचित्र घेतले. घरी येऊन त्याच्या पाठीमागे तारीख, ठिकाण आणि दिशा लिहिली. अब्बांच्या छायाचित्रामागेही ठिकाण आणि दिशा लिहिली. तारखेची जागा मोकळी ठेवली आहे. जे ठाऊक नाही ते लिहू नये, हेही त्यांनीच शिकविले होते.

आता शेवटचे दोन शब्द कामाचे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि काहींच्या घरी ड्रोनही आले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण दोन गोष्टी सांभाळा. २०२१ सालच्या नियमांनी ड्रोन कोठे आणि किती उंच उडवावे हे ठरवून दिले आहे. हिरव्या पट्ट्यातसुद्धा ४०० फुटांपर्यंतच परवानगी आहे. विमानतळाच्या आसपास तर आधी चौकशी केल्याशिवाय ते पेटीतून काढूच नये. आणि मुलांनो, धबधब्याच्या कडेवर पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढू नका. शेवाळलेल्या खडकाला तुमचे वय समजत नाही. धबधब्याचा मोठेपणा दाखविण्यासाठी चित्रात माणूस हवा, असे आम्ही मघाशी म्हणालो; तो माणूस काठापासून चांगला दूर, सुरक्षित उभा असला तरी चालतो.

आणि आपल्या ट्रस्टला एक विनंती. सुवर्णमहोत्सवानिमित्त अनेक कामे हाती घेतली आहेत, त्यांत हे एक बिनखर्चाचे काम घ्यावे. आपल्या सभासदांच्या घरोघरी जुन्या पेट्यांत, अल्बमांत, कपाटांत नदीची, डोंगराची, तलावाची, गावशिवाराची छायाचित्रे पडून आहेत. कोणी सहलीला गेले तेव्हाची, कोणी लग्नाच्या वऱ्हाडात काढलेली. ती आणून द्यावीत. ज्येष्ठ मंडळी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून प्रत्येकामागे ठिकाण, साल आणि दिशा लिहून घ्यावी. कॅमेरा कोणाचा होता हे लिहावे, आणि सामान कोणी वाहिले, होडी कोणी वल्हविली, वाट कोणी दाखविली, हेही आठवत असेल तर लिहावे. मग आमच्या शाळेची मुले सुट्टीत त्या त्या जागी जाऊन, जुळवून, पुन्हा छायाचित्र घेतील. मुलांना भूगोल कळेल, मोठ्यांना आपले गाव पुन्हा दिसेल, आणि पन्नास वर्षांनी ट्रस्टचा शतकमहोत्सव होईल तेव्हा त्या वेळच्या मास्तरांना दोन रेघा ओढत बसावे लागणार नाही.

त्या संग्रहातील पहिली जोडी आम्ही आज चिटणीसांच्या हाती देत आहोत : अब्बांचे छायाचित्र आणि आमचे. पुस्तकपेढीचे पुस्तकही त्याच पाकिटात आहे. पाकिटावर पत्ता लिहिला आहे.